हायड्रोफॉइलच्या पंखाची टोकं: नवशिक्यांसाठी निवड, जोडणी, निगा आणि सुरक्षित पडणं

हायड्रोफॉइल म्हणजे पाण्याखाली चालणारा पंख. बोर्डाने वेग घेतला की हा पंख उचल देतो आणि बोर्ड पाण्यापासून हातभर वर, जवळजवळ आवाज न करता जाऊ लागतो. या पंखाची दोन टोकं फार महत्त्वाची. वळताना तोल राहणार की अचानक जाणार, हे बऱ्याच अंशी टोकांवर ठरतं. पडल्यावर मांडी, पोटरी किंवा डोकं कापतं तेही बहुधा याच टोकांनी आणि पंखाच्या मागच्या कडेने. म्हणून फॉइल शिकणाऱ्याने टोकाचा आकार आणि अंगाची काळजी हे दोन वेगळे विषय मानू नयेत. पहिला संच घेताना जे टोक निवडाल, त्याच्याच शेजारी तुम्ही पुढचे काही महिने शेकडो वेळा पडणार आहात.

इथली उदाहरणं विंग फॉइलिंगची आहेत. म्हणजे हातात हवा भरलेली विंग, पायाखाली बोर्ड आणि बोर्डाखाली फॉइल. काइट फॉइल, सर्फ फॉइल किंवा बॅटरीवरचं ई-फॉइल शिकणाऱ्यांनाही टोकांविषयीचं सगळं लागू पडतं. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात हातातल्या साधनाला ‘विंग’ आणि पाण्याखालच्या भागाला ‘पंख’ म्हटलं आहे.

भागांची नावं

बोर्डाच्या तळाला दोन समांतर खाचा असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. ट्रॅकमध्ये उभा मास्ट बसतो. मास्टच्या खालच्या टोकाला आडवा दांडा असतो, तो फ्यूजलाज. फ्यूजलाजच्या पुढे मोठा पंख आणि मागे छोटा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर. पंखाची पुढची कड गोलसर आणि जाड असते, मागची कड पातळ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे स्पॅन. पंखाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये सांगतात. बरेच उत्पादक हाच आकडा पंखाच्या नावात घालतात, पण काही जण नावात स्पॅन घालतात. त्यामुळे विकत घेताना दोन्ही आकडे विचारा.

स्पॅनचा वर्ग करून त्याला क्षेत्रफळाने भागलं की आस्पेक्ट रेशो मिळतो. १६०० चौरस सेंटिमीटरच्या पंखाचा स्पॅन ८० सेंटिमीटर असेल तर ६४०० भागिले १६००, म्हणजे ४. तेवढ्याच क्षेत्रफळाचा पंख ११० सेंटिमीटर लांब आणि अरुंद केला तर साधारण ७.६. दोन्ही पंख सारखाच भार उचलू शकतात, पण वागतात अगदी वेगळे. हा फरक टोकांमुळे कसा पडतो ते आता पाहू.

टोकापाशी काय होतं

पंख चालू लागला की त्याच्या खालच्या बाजूला दाब वाढतो आणि वरच्या बाजूला कमी होतो. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाऊ पाहतं. पंखाच्या मध्यात त्याला वाट नसते, पण टोकाला असते. तिथे ते खालून वळसा घालून वर येतं आणि टोकामागे भोवरा तयार होतो. या भोवऱ्यात तुमची ताकद वाया जाते, पंखाला ओढ बसते. वेग कमी आणि उचल जास्त लागते तेव्हा, म्हणजे नेमकं पाण्यातून वर येताना, ही ओढ सर्वाधिक असते. लांब-अरुंद पंखात टोकं एकमेकांपासून दूर आणि लहान असतात, म्हणून ओढ कमी. त्यामुळेच असा पंख एकदा वर आला की दूरवर सरपटत जातो.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. पंखाच्या वरच्या बाजूला आणि भोवऱ्याच्या गाभ्यात दाब कमी असतो. टोक पाण्याच्या पृष्ठभागाबाहेर आलं की त्या कमी दाबाच्या जागेत वरची हवा खेचली जाते. याला व्हेंटिलेशन म्हणतात. हवा टोकापुरती राहिली तर फक्त खळखळ ऐकू येते आणि थोडी थरथर जाणवते. ती पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून मध्याकडे पसरली तर उचल एका क्षणात जाते, बोर्ड पाण्यावर आपटतो आणि स्वार पुढे फेकला जातो. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. वरच्या बाजूला पाण्याच्या जागी हवा आली की पंखाचं काम का थांबतं, ते यावरून समजेल.

काही जण याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये अतिवेगामुळे दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होते. शिकणाऱ्याच्या १५ ते २५ किलोमीटर वेगात तो प्रश्न येत नाही. तुमचा पंख ‘सुटला’ तर हवा शिरली किंवा पंख स्टॉल झाला, म्हणजे वेगाच्या मानाने कोन जास्त होऊन त्याची उचल तुटली, असं समजा.

टोकांचे आकार, आणि एक छोटं गणित

समजा तुम्ही वळताना फॉइल ४५ अंश कलवलं आणि मास्टचा ५० सेंटिमीटर भाग पाण्यात आहे. मास्ट तिरपा झाल्यामुळे पंखाचा मध्य आता ५० ऐवजी सुमारे ३५ सेंटिमीटर खोल आहे. त्याच वेळी पंखाचं वरच्या बाजूचं टोक मध्यापेक्षा वर उचललं गेलंय. ८० सेंटिमीटर स्पॅन असेल तर ते २८ सेंटिमीटर वर येतं, म्हणजे अजून ७ सेंटिमीटर पाण्याखाली. ११० सेंटिमीटर स्पॅन असेल तर ३९ सेंटिमीटर वर येतं, म्हणजे ४ सेंटिमीटर पाण्याबाहेर. कल तोच, खोली तीच, पण एकाला काहीच झालं नाही आणि दुसऱ्याच्या टोकातून हवा शिरली. कल ३० अंशांवर ठेवला तर लांब पंखाचं टोकही सुमारे १५ सेंटिमीटर पाण्याखाली राहतं. हे गणित कागदावर एकदा स्वतः मांडून बघा. पहिल्या वळणांत ‘कमी कला’ असं शिक्षक का ओरडतात ते पटेल.

खाली वळवलेली टोकं याच कारणासाठी असतात. वरच्या ११० सेंटिमीटरच्या पंखाची टोकं मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली झुकवली तर ४५ अंशांच्या कलात वरचं टोक साडेतीन सेंटिमीटरने खाली राहतं. म्हणजे ते पाण्याबाहेर येता येता थांबतं. शिवाय अशी टोकं छोट्या उभ्या पात्यांसारखं काम करून फॉइलला डावी-उजवीकडे भरकटू देत नाहीत. म्हणून सरळ जायला शिकणाऱ्याला ती सोपी वाटतात. तोटा असा, की उथळ पाण्यात खालचं टोक आधी वाळूला लागतं.

वर वळवलेली टोकं, म्हणजे विमानांच्या पंखांवर दिसतात तशी विंगलेट, पुढच्या मोठ्या पंखावर नवशिक्याला नकोत. ती कलताना लवकर पृष्ठभाग गाठतात. स्टॅबिलायझरवर मात्र वर किंवा खाली वळलेली टोकं सर्रास असतात. स्टॅबिलायझरची वरची टोकं मात्र मागून पाय घसरला की पोटरीच्या वाटेत येतात, हे लक्षात ठेवा.

मागे झुकलेली टोकं, म्हणजे टोकाकडे पुढची कड मागे वळत जाते ती, दोन कारणांनी चांगली. शिरलेली हवा अशा टोकावरून मागे वाहून जाते, मध्याकडे कमी सरकते. आणि शेवाळाची दोरी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली तर ती घसरून निघण्याची शक्यता वाढते. चौकोनी कापल्यासारखं टोक बनवायला सोपं, पण त्याला दोन कोपरे असतात आणि मागचा कोपरा कातडीत घुसतो. अशा टोकाचा जुना पंख स्वस्तात मिळाला तर घ्यायला हरकत नाही, पण कोपरे गोल केल्याशिवाय पाण्यात नेऊ नका.

डोळ्यांना सहज न दिसणारी एक गोष्ट म्हणजे पंखाचा पीळ. चांगल्या पंखात टोकाचा कोन मध्याच्या कोनापेक्षा एक-दोन अंश कमी ठेवलेला असतो. त्यामुळे वेग कमी पडला तर मध्य आधी स्टॉल होतो आणि टोकं शेवटपर्यंत तोल धरून ठेवतात. बोर्ड हळूहळू खाली बसतो, एका बाजूला पलटत नाही. पंख डोळ्यांच्या पातळीवर धरून टोकाकडून मध्याकडे बघितलं की हा पीळ दिसतो. डावं आणि उजवं टोक सारखं आहे का, हेही त्याच वेळी पाहा.

पहिला संच

७५ किलो वजनाच्या माणसासाठी आमची शिफारस अशी. पुढचा पंख १७०० ते २००० चौरस सेंटिमीटर, आस्पेक्ट रेशो ४ ते ६, टोकं गोल आणि किंचित खाली वळलेली. मास्ट ७० ते ७५ सेंटिमीटर. बोर्ड १०५ ते ११५ लिटर, म्हणजे आपल्या वजनात ३० ते ४० मिळवून. हातातली विंग ५ ते ६ चौरस मीटर. वजन ६० किलो असेल तर पंख १५०० पर्यंत उतरवा, ९० च्या वर असेल तर २००० च्या खाली येऊ नका.

पंख मोठा का, याचंही कारण आहे. उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की तोच पंख त्याच कोनात चौपट भार उचलतो. उलट बघितलं तर कमी वेगात उडायचं असेल तर क्षेत्रफळ भरपूर हवं. माणूस आणि सामान मिळून ९० किलो धरलं तर १८०० चा पंख ताशी १५ किलोमीटरला आरामात उचलतो. १००० चा पंख त्याच वेगात स्टॉलच्या काठावर असतो, त्याला जास्त वेग लागतो. आणि १५ च्या वेगात पडणं आणि २५ च्या वेगात पडणं यात शरीराला मोठा फरक पडतो.

शर्यतीचा लांब, धारदार, १००० च्या आतला पंख सवलतीत मिळतोय म्हणून पहिला संच तोच घेणं, ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक. पॅरिस २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयला फॉर्म्युला काइट आणि आयक्यूफॉइल हे दोन फॉइलचे प्रकार पहिल्यांदा आले, त्यामुळे अशा पंखांचं आकर्षण वाढणं साहजिक आहे. पण ती टोकं रोज सराव करणाऱ्यांसाठी आहेत.

जोडणी

सगळी जोडणी घरी, कोरड्या जागी एकदा करून बघा. वाळूत पहिल्यांदा करू नका. वाळूचा एक कण आट्यांत गेला तरी स्क्रू अडकतो.

पंख फ्यूजलाजला बहुतेक एम-६ च्या स्टेनलेस स्क्रूंनी बसतात, मास्ट बोर्डाला एम-८ च्या. आधी प्रत्येक स्क्रू हाताने तीन-चार आटे फिरवून बघा. हाताने फिरत नसेल तर तो वाकडा जातोय, पाना लावून जबरदस्ती करू नका. अॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि कार्बन फायबर खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम झपाट्याने गंजतं आणि स्क्रू जागेवरच चिकटतात. म्हणून प्रत्येक स्क्रूला टेफ-जेलसारखं मरीन ग्रीस लावा, मुगाच्या दाण्याएवढं पुरे. सगळे स्क्रू आधी अर्धे घट्ट करा, मग समोरासमोरचे आळीपाळीने पूर्ण घट्ट करा. संचासोबत आलेला छोटा पाना वापरा, लांब दांड्याचा वापरला तर अॅल्युमिनियमचे आटे सोलले जातात.

मास्ट ट्रॅकच्या मध्यावर बसवून सुरुवात करा. बोर्ड सारखा वर उसळत असेल तर मास्ट १ सेंटिमीटर मागे घ्या, वरच येत नसेल तर १ सेंटिमीटर पुढे. एका वेळी यापेक्षा जास्त सरकवू नका.

आता तपासणी. बोर्ड उलटा ठेवा, एका हाताने मास्ट धरा आणि दुसऱ्याने पुढच्या पंखाचं टोक हलकेच वर-खाली करा. पंख थोडा लवचिक असतो, तेवढं वाकणं ठीक. पण ‘टक’ असा आवाज आला किंवा सांध्यात हालचाल जाणवली तर काहीतरी सैल आहे. टोकाला मिलिमीटरभर वाटणारा ढिलेपणा पाण्यात बोर्ड डोलवतो आणि स्क्रूंची भोकं मोठी करतो. पाण्यात १५ मिनिटं झाली की किनाऱ्यावर येऊन सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासा. पहिल्या फेरीत ते बसतात आणि थोडे सैल होतातच.

टोकांची तपासणी आणि घासणी

प्रत्येक वेळी पाण्यात जाण्याआधी कापसाचा बोळा पुढच्या कडेवरून, टोकावरून आणि मागच्या कडेवरून फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे टवका किंवा खरखरीत जागा आहे. बोटाने तपासू नका. कार्बनची कूस सुईसारखी शिरते आणि काढायला त्रास देते. मग नाण्याने पंखावर हलके टक-टक करा. सगळीकडे सारखा ठणठणीत आवाज यायला हवा. मध्येच पोकळ, बोदा आवाज आला तर आतले थर सुटले आहेत, तो पंख वापरू नका.

टवक्यांना इतकं महत्त्व द्यायचं कारण नुसतं कापण्याचं नाही. टोकावरच्या टवक्यापाशी प्रवाह तुटतो, आणि टोक पृष्ठभागाजवळ आलं की हवेला शिरायला तीच जागा मिळते. काल न सुटणारा पंख आज त्याच वळणावर सुटतोय, असं झालं तर आधी टोक बघा. पंख अचानक शिटी मारू लागला किंवा गुणगुणू लागला तरी हेच करा. मागच्या कडेवरून सुटणारे छोटे भोवरे ठरावीक तालात थरथरले की तो आवाज येतो, आणि नवा टवका हे त्याचं नेहमीचं कारण.

२-३ मिलिमीटरपर्यंतचा टवका घरी भरता येतो. जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने (घासकागदाने) कडा खरखरीत करा. इपॉक्सी दिलेल्या प्रमाणात नीट मोजून मिसळा, त्यात फिलरची पूड घालून लोण्याइतकं घट्ट करा आणि भरा. २४ तास वाळू द्या. मग पाणी लावून ४०० आणि ६०० नंबरने घासा, नेहमी प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून कोरडं घासू नका, आणि मास्क व हातमोजे घालाच. फायबर तुटलेलं दिसत असेल किंवा भेग मध्याकडे जात असेल तर दुरुस्ती कार्बनचं काम करणाऱ्याकडे द्या.

नवीन पंखाच्या कडाही काही वेळा नको तितक्या धारदार येतात, विशेषतः पातळ जी-१० फायबरग्लासचे स्टॅबिलायझर. मागची कड नखावर तिरकी टेकवून किंचित ओढा. नखाचा कीस निघाला तर ती सुरीसारखी आहे. ४०० च्या ओल्या कागदाने ती कड आणि टोकाचा कोपरा हलके बोथट करा, साधारण १ मिलिमीटर जाडी राहील इतपत. दोन्ही टोकांवर सारखेच हात मारा, नाहीतर फॉइल एका बाजूला ओढतं. पुठ्ठ्यावर एका टोकाची बाह्यरेषा आखून कापा आणि तोच साचा उलटा करून दुसऱ्या टोकाला लावून बघा. याने वेग थोडा कमी होईल, पण शिकण्याच्या काळात तो जाणवत नाही. मात्र घासण्याआधी उत्पादकाची वॉरंटी वाचा. पुढची कड बोथट करण्याच्या फंदात पडू नका, तिचा गोलवा उचलीसाठी नेमका काढलेला असतो. टोकांना टेप गुंडाळणंही चूक. टेपची सुटलेली कड हवा आत ओढते.

अंगावर काय घालावं

हेल्मेट पाण्यातल्या खेळांचं हवं, ईएन १३८५ मानकाचं. सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही. त्यातला फोम पाणी शोषतो किंवा पाण्याचा झोत आत अडकून मान मागे खेचली जाते. कान झाकणारं मिळालं तर घ्या, पाण्यावर आडवं पडल्यावर कानाचा पडदा फाटू शकतो.

जाकीट घेताना एक गोष्ट नीट विचारा. इम्पॅक्ट व्हेस्ट मार सहन करतं, पण प्रत्येक इम्पॅक्ट व्हेस्ट तुम्हाला तरंगतं ठेवेलच असं नाही. तरंगण्यासाठी आयएसओ १२४०२-५ चं, ५० न्यूटन उचल देणारं जाकीट लागतं. पोहता येत नसेल तर हा खेळ आधी नको. ५० न्यूटनचं जाकीट शुद्धीवर असलेल्या, पोहणाऱ्या माणसाला मदत करतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही.

गोव्या-कोकणात पाणी गरम असल्यामुळे लोक हाफ पँटवर उतरतात. तसं करू नका. २ मिलिमीटर निओप्रिनचा पूर्ण पायांचा सूट थंडीसाठी नको असला तरी मांडी-पोटरीसाठी हवा. टोक घासून गेलं तर जखम कातडीपर्यंतच राहायला त्याची मदत होते. पायांत पातळ तळव्याचे बूट घाला, कालवांनी भरलेल्या खडकांवर ते उपयोगी पडतात. बोर्डाची लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी, गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखी असावी, कमरेला किंवा पोटरीला. सरळ, रबरासारखी ताणणारी लीश बोर्डाला फॉइलसकट तुमच्याकडे परत उडवते.

जागा आणि वारा

शिकायला १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटरचा स्थिर वारा आणि सपाट पाणी हवं. तळ वाळूचा आणि खोली छातीपेक्षा जास्त हवी. ७५ सेंटिमीटरचा मास्ट, त्याखाली पंख, आणि पडताना तुमचं शरीर, एवढ्याला किमान दीड मीटर पाणी धरा. ओहोटीला ही खोली पटकन जाते, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फरक सर्वांत मोठा असतो.

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे जसेच्या तसे कामाला येतात. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे तुम्हाला परत किनाऱ्याकडे आणतात. पहाटे आणि सकाळी लवकर वाहणारे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. ते किनाऱ्यापाशी मंद, गुळगुळीत वाटतात आणि आत गेल्यावर परत येऊ देत नाहीत. नवशिक्याने मतलई वाऱ्यावर उतरू नये. गोव्यातल्या मोरजी-अश्वेच्या किनाऱ्यावर काइट आणि विंगवाले दुपारी दिसतात ते याचमुळे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र शिकण्याजोगा नसतो.

मच्छीमारांशी बोला. सिंधुदुर्गात आणि गोव्यात किनाऱ्यावरून रापण लावतात. जाळ्याचा मोठा अर्धवर्तुळाकार फास पाण्यात असतो आणि वर फक्त काही तरंगते दिसतात. त्यात फॉइल गेलं तर टोक जाळ्यात अडकतं, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे उडता. शिवाय कुणाच्या तरी दिवसभराच्या कमाईचं जाळं फाटतं. रापण कुठून कुठपर्यंत आहे ते विचारून घ्या आणि त्या पट्ट्यात जाऊच नका. खाडीच्या मुखाशी पावसाळ्यानंतर काही आठवडे लाकडं आणि प्लास्टिक वाहून येतं, तिथेही तेच.

पोहणाऱ्यांपासून किमान ५० मीटर दूर राहा. तुमचा बोर्ड त्यांना दिसतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पसरलेला मीटरभर पंख दिसत नाही.

किनाऱ्यावर आणि पाण्यात उतरताना

पंखांची निओप्रिनची कव्हरं पाण्याच्या कडेपर्यंत काढू नका. वाळूवर बोर्ड उलटा ठेवला तर टोकं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. गर्दी असेल तर बोर्ड एका कडेवर आडवा ठेवा, टोक वाळूत टेकवून. उचलताना मास्ट बोर्डापाशी धरा, पंख तुमच्यापासून दूर आणि वारा येतो त्या बाजूला तुम्ही.

लाटा असतील तर एकच नियम पाठ करा: येणारी लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये बोर्ड नको. लाट तो उचलून तुमच्यावर फेकते. बोर्ड किनाऱ्याच्या बाजूला ठेवून ओढत न्या, कमरेच्या वर पाणी आलं की पलटून सरळ करा. पलटताना फॉइल अर्धवर्तुळात फिरतं. मास्ट आणि पंख मिळून जवळजवळ मीटरभराचा घेर, तेवढं डोकं दूर ठेवा.

पहिले तास

पहिला तास फॉइलशिवाय, साध्या मोठ्या बोर्डावर विंग चालवण्यात घालवा. दुसऱ्या टप्प्यात फॉइल लावा, पण उडायचं नाही. गुडघ्यांवर, मग उभं राहून, पुढच्या पायावर भार ठेवून पाण्यावरच चाला. फॉइल वर यायला बघतं, त्याला दाबून ठेवायला शिकणं हाच इथला धडा. जवळ होडी असेल तर होडीमागे ओढून घेणं उत्तम. १५ मीटर दोर, ताशी १५ ते १८ किलोमीटर स्थिर वेग, आणि चालकाशिवाय मागे बघणारा एक माणूस. चालकाने वेग अचानक वाढवला तर फॉइल झटक्यात वर येतं आणि पडणं नक्की.

मग दोन-तीन सेकंद वर येऊन पुन्हा खाली बसायचं, पुन्हा वर यायचं. बोर्ड पाण्यापासून २०-३० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. फार वर गेला तर पुढचा पंख पृष्ठभाग फोडतो, दोन्ही टोकांतून एकाच वेळी हवा शिरते आणि बोर्डाचं नाक आपटतं. खळखळ ऐकू आली की घाबरून पुढचा पाय एकदम दाबू नका, मागचा पायही दाबू नका. गुडघे वाकवा, कल कमी करा आणि भार हळूच पुढे न्या. बहुतेक वेळा पंख पुन्हा पाणी धरतो.

पडणं

पडणं शिकण्यासाठी वेगळा वेळ काढा, मुद्दाम वीस-पंचवीस वेळा पडा. बाजूला किंवा मागे, खुर्चीत बसल्यासारखं, अंग पसरून पडायचं. बोर्डाच्या नाकावरून पुढे उडी कधीच नको, कारण थांबलेल्या बोर्डाखालचं फॉइल तुमच्या मागून येत असतं. पाय सरळ खाली सोडू नका, गुडघे पोटाशी घ्या, कारण खाली टोकं आहेत. बोर्डावर टिकून राहण्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत झगडणं हीच बहुतेक जखमांची सुरुवात. तोल गेला हे कळताक्षणी बोर्ड सोडा. विंगही सोडा, ती मनगटाच्या किंवा कमरेच्या लीशला आहे.

पाण्यात गेल्यावर दोन्ही हात डोक्याभोवती घ्या, एक क्षण थांबा, मग एक हात डोक्यावर धरून वर या. बोर्ड उलटा पडला असेल तर टोकं वर आहेत, तेव्हा नाकाकडून पोहत जा. सरळ असेल तर टोकं दिसत नाहीत, पाय वर ठेवून कडेने पोट टेकवून चढा. पाण्याखाली हात घालून पंख चाचपडू नका.

लागलं तर

जखमेवर स्वच्छ कापडाने थेट, घट्ट दाब द्या आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. मांडीतून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल तर जखमेच्या वर टूर्निके (रक्त थांबवणारी आवळपट्टी) आवळा आणि वेळ लिहून ठेवा. मानेला मार लागल्याची शंका असेल तर पाण्यातच डोकं आणि मान एका रेषेत धरून तरंगत ठेवा, चार जण मिळाल्याशिवाय बाहेर ओढू नका. श्वास चालत नसेल तर मात्र लगेच बाहेर काढा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा १५५४. हे तीन क्रमांक किनाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या.

लहान जखमही गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. त्यानंतर कुणाला तरी पंखाचं टोक बघायला पाठवा. टोकाचा तुकडा उडालेला असेल तर तो जखमेत असू शकतो. कार्बन फायबर एक्स-रेमध्ये जवळजवळ दिसत नाही, सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता जास्त. तुटलेल्या टोकाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि तो तुकडा कार्बनचा आहे की फायबरग्लासचा, हे टाके घालण्याआधी सांगा.